पहिला उतार बांधणाऱ्याचा

राग गंजू द्यायचा नसेल तर त्यालाही तेलपाणी करावं लागतं. आत्यानं आपला राग नऊ वर्षं तसा सांभाळला होता. कागदाच्या गिरणीतून खोलीवर आली, हात धुतले, चहा टाकला, की ती खाटेखालचा पत्र्याचा डबा ओढायची. त्यातून ब्रेकची एक वाकलेली लिव्हर काढायची, फडक्यानं पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. शेजारीण एकदा म्हणाली, "देवासारखी पुसता हो ही दांडी."

"देवाला एवढं नाही पुसलं कधी," आत्या म्हणाली.

तशी ती सख्खी आत्या एकाच मुलीची, धाकट्या भावाच्या लेकीची. पण ती मुलगी सायकलच्या दुकानात रांगली, तिथंच बोलायला शिकली, आणि तिची हाक ऐकून गिऱ्हाइकंही 'आत्या' म्हणू लागली. दुकान बापाचं. बाप सायकली बांधायचा. पंक्चर कोणीही काढतो. बांधणं म्हणजे सुटी फ्रेम, सुटी चाकं, सुटे गिअर आणून त्यांचं एकमेकांशी जमवून देणं. बहीण-भाऊ दोघंही त्याच्या हाताखाली शिकले. बापाचे नियम दोनच. बांधणाऱ्यानं फ्रेमच्या पोटाखाली, पायडलाच्या आसाजवळ आपली खूण कोरायची. आणि पहिला उतार बांधणाऱ्याचा. गिऱ्हाइकाच्या हाती सायकल देण्याआधी, जिनं बांधली तिनं किंवा ज्यानं बांधली त्यानं पाण्याच्या टाकीपासून पुलापर्यंतचा उतार तिच्यावर बसून उतरायचा. बाप म्हणायचा, "आधी आपली हाडं मोडू द्या. लोकांनी पैसे दिलेत, हाडं नाहीत दिली."

बाप गेला त्याच वर्षी आत्यानं पोस्टवाल्यासाठी एक डोंगरी सायकल बांधली. जाड टायर, सरळ हँडल. पोटाखाली आपली खूण कोरली, तीन टिंबांचा त्रिकोण. उतार उतरली, सायकल दिली आणि तापानं आडवी झाली. तापाच्या तिसऱ्या दिवशी पोस्टवाला दुकानात आला. पाठ भरून येते म्हणाला, मला ती मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली हँडलं असतात ना, शर्यतवाल्यांची, तसलं एक बसवून द्या. धाकट्यानं संध्याकाळी हँडल बदललं, त्याच्यासोबत लिव्हरीही शर्यतीच्या सायकलच्या बसवल्या. दुकानातल्या दुकानात चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक थांबलं. उताराला कोण जातं दिवस मावळताना?

दोन दिवसांनी पोस्टवाला टाकीच्या उतारावरून गेला तो थांबलाच नाही. खुब्याचं हाड गेलं. तेव्हापासून त्याच्या हातात काठी आली ती आलीच.

लोक दुकानापुढे जमले, तेव्हा आत्या अंगावर शाल घेऊन दारात उभी होती. धाकट्यानं मोडकी सायकल उलटी केली आणि पोटाखालची टिंबं सगळ्यांना दाखवली. "बघा. खूण कोणाची आहे?"

"हँडल मी नाही बसवलं," आत्या म्हणाली.

"ताई," तो अगदी मायेनं म्हणाला, "तापात काय केलंस ते तुला आठवत तरी असेल का?"

त्या मायेनं तिला जेवढं भाजलं तेवढं तापानंही भाजलं नव्हतं. आठवडाभरात दुकानावर नवी पाटी लागली: 'ब्रेकचं काम मालक स्वतः करतात.' आत्यानं आपला पाना, आपली हातोडी आणि त्या मोडक्या सायकलची वाकलेली लिव्हर उचलली आणि निघून गेली. गिरणीत एकशेचाळीस सायकली होत्या, कामगार एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायला वापरायचे. त्या नीट ठेवायचं काम तिला मिळालं. पण ब्रेकची तक्रार आली की मुकादम हळूच म्हणायचा, "ब्रेक तेवढे दुसऱ्याकडून बघून घेऊ." तो चांगला माणूस होता, म्हणून जास्त लागायचं.

गिरणीतल्या पहिल्याच महिन्यात तिनं ती लिव्हर उघडून पाहिली होती. दोष डोळ्याला दिसणारा नव्हता. लिव्हर वळते तो खिळा आणि तार अडकते ती जागा, या दोहोंत जेवढं अंतर, तेवढी तार ओढली जाते. शर्यतीच्या सायकलच्या लिव्हरीत हे अंतर थोडं असतं, कारण तिचा ब्रेक थोड्या तारेवर भागतो. डोंगरी सायकलच्या लांब दांड्यांच्या ब्रेकला तार दुप्पट लागते. एकाची लिव्हर दुसऱ्याच्या ब्रेकला लावली आणि रबरं रिमला अगदी खेटून ठेवली, तर दुकानात सगळं झकास चालतं. उतारावर खरा जोर द्यायची वेळ आली की लिव्हर येऊन हँडलला टेकते. मूठ मिटलेली आणि सायकल धावतेच आहे. अशा ब्रेकलाही चालणाऱ्या, जास्त तार ओढणाऱ्या शिंगहँडलाच्या लिव्हरी मिळतात. बाहेरून पाहाल तर सख्ख्या बहिणी.

हे ती कोणाला सांगणार? आणि सांगून ऐकणार कोण? मग तिनं सांगायचं सोडलं आणि बांधायला घेतलं.

दर वर्षी टाकीपासून एक शर्यत निघायची. उतार, पूल, मग अर्धी वाट जंगलातली मातीची, अर्धी डांबरी. शर्यतीची सायकल मातीत रुतायची, डोंगरी सायकल डांबरावर मार खायची. दोन्हीकडे चालेल अशी एकच सायकल हवी: अंग डोंगरी, शिंगं शर्यतीची. आत्याला अकरा महिने लागले. फ्रेम भंगारवाल्याकडून आणली, रंग खरवडला, जोड तपासले. हँडल आणलं तर ते मध्यभागी दोन सुतांनी जाड निघालं, हँडल धरून ठेवणाऱ्या जुन्या स्टेमच्या तोंडात जाईना. पत्रा गुंडाळून, ठोकून बसवणारे असतात. तिनं दुसरं स्टेम शोधलं आणि तेही आखूड, कारण शिंगं पुढे जातात आणि बसणाऱ्याचे हात काही वाढत नाहीत. गिअर बदलायचा खटका नऊ पायऱ्यांचा होता, म्हणून मागचा गिअरही नऊचाच आणि त्याच जमान्यातला शोधला, म्हणजे एका खटक्याला साखळी एकच पायरी चढेल. लिव्हरी सगळ्यात शेवटी आल्या. जास्त तार ओढणाऱ्या. तिनं त्या आधी उघडून मोजल्या, मगच बसवल्या, वर काळं रबर चढवलं आणि एका पहाटे एकटीच टाकीवर गेली. पुलाच्या अलीकडे दोन बोटांनी ब्रेक दाबला. सायकल गुमान उभी राहिली.

मग खरं काम सुरू झालं. दर रविवारी ती धाकट्याच्या दुकानासमोर चहा प्यायला जाऊ लागली. चहा त्या टपरीवर पाणचट मिळायचा. सायकल ती खांबाला टेकवायची, तोंड दुकानाच्या काचेकडे. पहिल्या रविवारी धाकट्यानं पाहिलं नाही. दुसऱ्या रविवारी पाहून न पाहिल्यासारखं केलं. चौथ्या रविवारी तो रस्ता ओलांडून आला.

"बरी आहेस ना ताई?"

"मरायची घाई नाही."

त्यानं हसून हँडलवरून हात फिरवला. "ही खिचडी कुठून काढलीस? चालते?"

"बसून बघ."

तो बसला नाही, वाकून पाहू लागला. हँडल कुठलं, स्टेम किती लांबीचं, गिअर कसे जमले. आत्यानं सगळं खरं सांगितलं. दोन सुतांचा फरक सांगितला, नऊला नऊ सांगितलं, स्टेम कुठं मिळालं त्या दुकानाचा पत्तासुद्धा दिला. मग ती थांबली. घोटभर चहा घेतला. त्याची नजर लिव्हरींवरून, तारेवरून, ब्रेकच्या लांब दांड्यांवरून फिरली. त्यानं एकच प्रश्न विचारायचा होता. विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं, कारण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण ज्याच्या डोक्यावर तसली पाटी लटकते, तो हिला ब्रेकचं कसं विचारणार?

"छान," धाकटा म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. आत्यानं उरलेला चहा संपवला. आज तो गोड लागला होता.

महिन्याभरात त्याच्या काचेत तशीच सायकल अर्धीमुर्धी बांधलेली दिसली, लाल रंगाची. लिव्हरी तो शर्यतीच्याच लावणार, हे तिला बघायचीही गरज नव्हती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आत्या पुलाजवळ जाऊन आली. पुलाचं काम चालू होतं. रस्ता तिथं डावीकडे वळतो आणि न वळता सरळ गेलं तर वाळूचा ढीग, कमरेएवढा. तिनं वाळूत हात घालून पाहिला. खडे नव्हते. कोणाच्या जिवावर उठायचं नव्हतं तिला. धाकट्याला चारचौघांत उताणा पाडायचं होतं, बस.

सकाळी टाकीवर माणसं जमली. प्रत्येक सायकलला नंबराची चिठ्ठी आणि तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव. आत्या स्वतःच चालवणार होती. एकोणपन्नासाव्या वर्षी ही काय पळणार म्हणून काहींनी तोंडं फिरवून हसून घेतलं. लाल सायकल धाकट्याचा पगारी गडी चालवेल असं तिनं धरलं होतं. पण गर्दीतून लाल सायकल आली ती भाचीच्या हातात. बावीस वर्षांची झाली होती पोरगी. हातमोजे घातलेले, कपाळावर घाम, डोळ्यांत आनंद.

नऊ वर्षं पुसून लख्ख ठेवलेल्या रागात पोरीचं तोंड कुठं नव्हतंच.

"आत्या! बघ ना, तुझ्यासारखीच. काल रात्री पुरी झाली. बाबा म्हणाले, थेट शर्यतीतच काढ."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'बांधणी: मालक स्वतः.'

आत्यानं आपली सायकल पोस्टवाल्याच्या हाती दिली. तो काठी टेकत शर्यत बघायला आला होता. ती लाल सायकलपाशी गेली आणि सीटला हात घालून उभी राहिली.

"धाकट्या, उतरलास का रे हिच्यावरून?"

"कशाला? ब्रेक मी स्वतः लावलेत."

"पहिला उतार बांधणाऱ्याचा. बाबांचा नियम आहे. की तोही मी तापात केला?"

लोक वळून बघू लागले. भाची म्हणाली, "त्यात काय एवढं, मी जाते ना खाली, आत्ता वर येते." तिनं पाय टाकला. आत्यानं सीट सोडली नाही.

"तू नाही. तो."

"ताई, आज तरी तमाशा नको," धाकटा दात आवळून म्हणाला.

"तमाशा कसला? मालक उतार उतरतोय. पाटी आहे तशी."

मागून पोस्टवाला बोलला. तो कधी मोठ्यानं बोलत नसे. "उतरा हो शेठ. मी नाही का उतरलो?"

यावर हशा झाला, आणि हशा झाला की धाकट्याला माघार घेता येत नसे, लहानपणापासूनच. त्यानं लेकीच्या हातून सायकल ओढून घेतली. बसला. दोन पावलं पुढे जाऊन दोन्ही ब्रेक दाबून दाखवले, चाकं थांबली, लोकांकडे नाक वर करून पाहिलं आणि निघाला.

पहिला अर्धा उतार तो ऐटीत गेला. मग त्याचे खांदे वर आले. आत्याला लांबून त्याच्या मुठी दिसत नव्हत्या, पण त्या मिटलेल्या आहेत हे तिला स्वतःच्या तळव्यात कळलं. मग त्यानं बूट रस्त्यावर घासायला सुरुवात केली. मग ओरडला. पुलाशी डावं वळण आलं आणि गेलं, आणि मालक स्वतः लाल सायकलसकट वाळूत शिरले.

धावले सगळे. आत्या चालत गेली.

तो उठून बसला होता. तोंडात वाळू, पँट गुडघ्यावर फाटलेली, बुटाचा तळ लोंबतोय. हाड एकही मोडलं नव्हतं. पोस्टवाला सगळ्यांच्या मागून, खुब्यावर झुलत झुलत पोचला आणि अगदी आदबीनं म्हणाला, "शेठ, काठी देऊ का?"

आत्यानं पिशवीतून वाकलेली लिव्हर काढली आणि भावाच्या मांडीवर टाकली. त्यानं ती लगेच ओळखली. वाळू थुंकली.

"दाबलीस तेव्हा तुझी कुठे टेकली, सांग?" आत्या म्हणाली. "आणि ही कोणी लावली होती?"

भाचीनं लाल सायकल उचलली, उलटी केली. पोटाखाली कोरा रंग होता. "बाबा, यावर खूणच नाहीये कोणाची." मग तिला पुढचं कळलं. तिचा आवाज बदलला. "तुम्ही मला यावर बसवणार होतात. बोला ना. आत्या विचारतेय."

"मी लावली होती," धाकटा म्हणाला.

"मोठ्यानं."

"मी लावली होती! पोस्टवाल्याचं हँडल मी बदललं, ब्रेक मी लावले, उताराला गेलो नाही. झालं समाधान?"

"नाही," आत्या म्हणाली. "पण चव आली."

मुकादमही गर्दीत होता. तो टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला. आत्यानं त्याच्याकडे नीट, पुरेसा वेळ पाहिलं. माफी नंतर मागितली तरी चालणार होतं; आज तिला फक्त या सगळ्यांची उतरलेली तोंडं हवी होती.

भाची सायकल ढकलत तिच्यामागे टाकीवर आली. "आत्या, माझ्या लिव्हरी बदलून देशील? अजून वेळ आहे."

"तसल्या लिव्हरी माझ्याकडे एकच जोड आहे."

"मग तुझी सायकल दे ना मला. मी जिंकवते तिला."

आत्यानं पोरीकडे पाहिलं. या पोरीच्या हाकेनं आपलं नाव पडलं, हे तिला आठवलं. तिनं खिशातून रुमाल काढून पोरीच्या गालावरची वाळू पुसली.

"नाही," ती म्हणाली. "सायकल माझी आहे, उतारही माझा आहे. तू बापाला घरी ने, लंगडतोय तो."

शिट्टी वाजली. चौदा सायकली उतारावर सुटल्या, आत्या सगळ्यांत मागे. घाई तिला नव्हतीच. पुलाशी आल्यावर तिनं दोन बोटांनी ब्रेक दाबला. सायकल गुमान उभी राहिली. वाळूत भावाच्या अंगाचा खड्डा पडला होता. एक हात पसरलेला, एक पाय वेडावाकडा. पुढचे सायकलवाले झाडांत दिसेनासे झाले तरी ती तो खड्डा बघत उभी होती. मग पायडलावर पाय ठेवला, डावीकडे वळली आणि मातीच्या वाटेला लागली.