ब्लडी सरांचं फुलपात्र

शिवी ऐकून ती देणाऱ्याचा मुलूख सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मला कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही. पाटोद्यात त्यांना सगळे ब्लडी सर म्हणत. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतं. खाली खतांचं दुकान आणि वर सरांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग. जिना चढताना नाकात खताचा वास आणि वर पोचलं की कानात शिव्या. मी त्यांच्याबद्दल अहो-जाहो करून लिहितोय ते आदरापोटी नाही. शिकवणाऱ्याला अरे-तुरे करायची आमच्या घरात पद्धत नाही, एवढंच.

सरांनी पुण्यात सात वर्षं फोनवर परदेशी लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. आधी अमेरिका, मग इंग्लंड, शेवटी ऑस्ट्रेलिया. या सात वर्षांत लोकांनी त्यांना जे जे म्हटलं ते सगळं त्यांनी जपून गावाकडं आणलं आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मार्करनं लिहून काढलं. शाळेतल्या नकाशावर राजधान्या असतात, इथं शिव्या होत्या. लंडनच्या जागी ‘ब्लडी’, ‘बगर’ आणि ‘वँकर’. स्कॉटलंडच्या डोक्यावर ‘नम्प्टी’, आयर्लंडवर ‘ईजिट’. न्यूयॉर्कच्या आसपास ‘मोरॉन’, ‘जर्क’, ‘ॲसहोल’ अशी दाटीवाटी. ऑस्ट्रेलियाच्या पोटात मोठ्या अक्षरांत ‘बास्टर्ड’, आणि त्याखाली मराठीत बारीक सूचना: ‘माणूस हसतोय का, ते आधी ऐका.’ पहिल्या दिवशी तो नकाशा बघून मला हसू आलं होतं. तेवढंच, पुढं त्या खोलीत मी फारसा हसलो नाही.

शिकवायला बसले की सर आपल्या बोलीत बोलत. “ब्लडी इंग्लंडात शिवी हाय, ऑस्ट्रेलियात मीठ हाय, अन् अमेरिकेत काईच न्हाई,” हे त्यांचं रोजचं वाक्य. अमेरिकेच्या दक्षिणेकडची एखादी म्हातारी ‘ब्लेस युअर हार्ट’ म्हणाली तर खूश व्हायचं नाही. “ती तुला येडा म्हणायलीय बे. आशीर्वाद न्हाई त्यो.” इंग्रज माणूस ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणाला की त्याच्याकडची रिस्पेक्ट संपली असं धरायचं. ऑस्ट्रेलियातला शेतकरी ‘ओल्ड बास्टर्ड’ म्हणाला तर त्यानं आपल्याला ओट्यावर बसवून घेतलं. मात्र तोच जर हळू आवाजात ‘मेट’ म्हणाला तर जपून. “आपल्याकडं बे म्हणलं की दोस्त. पुण्यात जाऊन कुणालाबी म्हणून बघ, कॉलर धरत्याल. शिवीला बी शीव असती. ती वलांडली की तिचा अर्थ बदलतो.” हे सगळं खरं होतं. माणूस खरं बोलतो म्हणून तो चांगला असतो, असं मात्र नाही.

तेलगावची एक मुलगी होती, रोज बसनं येणारी. सर एकदा अमेरिकन गिऱ्हाईक झाले आणि ओरडले की आय ॲम पिस्ड. ती बिचारी अदबीनं म्हणाली, सर, तुम्ही शुद्धीवर आल्यावर फोन करा. ‘पिस्ड’ म्हणजे इंग्लंडात प्यायलेला आणि अमेरिकेत चिडलेला. तिनं देश चुकवला होता, एवढीच चूक. सरांनी तिला तासभर नकाशासमोर उभं केलं आणि अमेरिकेवर बोट ठेवायला लावलं. बोट खाली आलं की पुन्हा वर. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. “गळली,” सर म्हणाले, आणि हजेरीतून तिचं नाव खोडलं.

वर्गाची परीक्षा एकच होती. दोन खुर्च्यांमध्ये दोरीवर एक जुनी चादर टांगलेली. अलीकडं सर, पलीकडं विद्यार्थी, त्याच्या उजव्या हातात बंद पडलेल्या टेलिफोनचा रिसीव्हर आणि डाव्या तळहातावर पाण्यानं काठोकाठ भरलेलं स्टीलचं फुलपात्र. सर तोंडानं घंटी वाजवत आणि मग त्यांना वाटेल त्या देशातून शिव्या देत. विद्यार्थ्यानं देश ओळखायचा, त्या देशाच्या पद्धतीनं गोड बोलायचं, आणि थेंबभर पाणी सांडू द्यायचं नाही. पाणी सांडलं की बाकीची पोरं ओरडत, “हाललं.” हाललं म्हणजे शिवी लागली, आणि शिवी लागली म्हणजे नापास. “गळा खोटं बोलतो, हात खोटं बोलत न्हाई,” असं सर म्हणायचे. जो पास होई त्याच्यासाठी सर पुण्यात आपल्या जुन्या सोबत्याला फोन करत, आणि त्या फोनवर नोकरी हमखास लागे. तालुक्यात दुसरीकडं कुठं अशी सोय नव्हती, म्हणून आम्ही सगळे ते सोसत होतो.

मी आठ वेळा नापास झालो. देश मला बरोबर ओळखता यायचे, बोलणंही जमायचं, पण डोकं तापट. सर ‘मोरॉन’पर्यंत आले तोवर ठीक, पुढं गेले की पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत. आठव्या वेळेला सर चादरीवरून डोकावून म्हणाले, “तुजा हात कावून थरथरायला बे? मेंढरं वळ जा बापासंगं. मेंढरं इंग्लिश बोलत न्हाईत.” पोरं हसली. माझे वडील मेंढरं वळत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी त्या वर्गात होतो तो मेंढरांमागं जायला लागू नये म्हणूनच. नववी वेळ शेवटची असेल असं सरांनी त्याच दिवशी सांगून टाकलं.

त्या नवव्या दिवशी पाटोद्याचा बाजार होता. मी फुलपात्र घेऊन बसलो आणि दारात वडील दिसले. पोरगं काय शिकतंय ते बघावं म्हणून जिना चढून आले होते. काठी दाराबाहेर टेकवून ठेवली, खांद्यावरची घोंगडी सावरली आणि भिंतीशी उकिडवे बसले. सरांनी चादरीचं टोक उचलून मला विचारलं, “कोण हे?”

“वडील.”

सरांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. घोंगडी बघितली, पागोटं बघितलं, भेगाळलेले पाय बघितले. मग चादर सोडली आणि घंटी वाजवली.

न्यूयॉर्कचा माणूस होता. मागवलेली वस्तू पोचली नाही म्हणून पेटलेला. ‘मोरॉन’, ‘जर्क’ सगळं आधी उरकून घेतलं आणि मग सर माझ्या बापावर आले. माझा बाप रात्री कुठं निजतो, त्याच्या अंगाला कसला वास येतो आणि मी नेमका कोणत्या जनावराच्या पोटी जन्मलो, हे त्यांनी खणखणीत इंग्रजीत, न अडखळता सांगितलं. वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळत होतं, एका माणसाला सोडून. त्या माणसाला ‘फादर’ हा शब्द तेवढा ओळखता आला. आपल्याबद्दल काहीतरी बोलणं चाललंय असं वाटून वडिलांनी पागोटं सरळ केलं आणि चादरीच्या दिशेनं हात जोडले.

मी पाण्याकडं बघत राहिलो. हात हलला असता तर काहीतरी वाईट बोललं गेलंय हे वडिलांना कळलं असतं. म्हणालो, “सर्टन्ली, सर. आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन.” शब्द नीट आले. थेंबही सांडला नाही.

सर उठले, फुलपात्रात डोकावले आणि म्हणाले, “पास.” मग वडिलांकडं वळून, “तुमचं पोरगं पुण्याला चाललं.” वडिलांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि सत्कारात शाल घालतात तशी सरांच्या खांद्यावर घातली. म्हणाले, “सर, तुमी लई जीव लावून शिकिवता.” सरांनी ती घेतली. मी आजवर बरेच निर्लज्ज लोक पाहिले आहेत, पण तो क्षण आठवला की बाकीचे मला सज्जन वाटतात. जिना उतरताना वडिलांनी विचारलं, “सर माज्याबद्दल काय म्हणत व्हते रं?” मी सांगितलं, “कौतुक करत होते. माझं, तुमचं पण.” पुढं कित्येक वर्षं बाजारात भेटेल त्याला ते ही गोष्ट सांगत. मी शेजारी उभा असलो तर मान हलवत असे.

पुण्यात माझं बरं चाललं. मला ऑस्ट्रेलिया मिळाला. दुसऱ्याच आठवड्यात तिकडच्या एका मेंढपाळाचा फोन आला. काम झाल्यावर तो मला बास्टर्ड म्हणाला. मी ऐकलं. माणूस हसत होता. मीही हसलो आणि मग त्याच्याशी पाच मिनिटं मेंढ्यांबद्दल बोललो. शेजारच्या पोरानं तसल्याच फोनवर भांडण काढलं आणि त्याला घरी जावं लागलं. माझी भाकरी त्या नकाशावर भाजली जात होती, हे रोज नव्यानं कळायचं आणि रोज नव्यानं संताप यायचा. एखाद्याचा राग राग करावा आणि त्याचंच खावं, यासारखी वाईट गोष्ट नाही.

सर स्वतः पुण्यातून का परतले, ते मला तिथल्या त्यांच्या सोबत्याकडून कळलं. सात वर्षं त्यांनी सगळ्या देशांच्या शिव्या गिळल्या. मग एके दिवशी इंग्लंडमधली एक बाई, आवाज न चढवता, प्लीज म्हणून, त्यांना म्हणाली की मला खऱ्या माणसाशी बोलायचं आहे. ही काही शिवी नव्हे. नकाशावर ती कुठंच लिहिलेली नव्हती. पण सरांनी त्या बाईला आपल्या बीडच्या बोलीत जे सुनावलं ते सगळं रेकॉर्ड झालं, आणि त्याच दिवशी त्यांचं ओळखपत्र काढून घेतलं. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

गेल्या वर्षी वडील गेले. दहाव्याला माणसं दुरून आली. सर आले नाहीत. त्यांचा वर्ग बंद पडून बरेच दिवस झाले होते आणि ते बीडजवळच्या पालीला आईजवळ राहत होते, हे मला ठाऊक होतं. महिनाभरानं मी मोटारसायकल काढली आणि पाली गाठली. काय म्हणायचं ते मी वाटेत मनाशी पक्कं केलं होतं. खरं तर बारा वर्षं पक्कंच होतं.

सर अंगणात खुर्चीवर बसले होते. केस पांढरे झालेले, बाकी नजर तीच. बाजेवर त्यांची आई बसली होती, आणि बाजेवर आमची घोंगडी अंथरलेली. मी कुठला, कुणाचा ते सांगितल्यावर म्हातारी उठली. “तुज्या बापाचीच ना रं ही? लई ऊब हाय बाबा हिला.” तिनं आतून दोन फुलपात्रं भरून आणली, एक लेकाला दिलं, एक मला.

मी उभ्या उभ्या विचारलं, “त्या दिवशी माझे वडील दिसले होते ना तुम्हाला?”

“दिसलते.”

“मग?”

“आठ बार पाणी हाललं व्हतं तुजं. नवव्या बारीला जे सगळ्यात जास्त लागंल तेच टाकलं.” सरांनी माझ्याकडं वर बघितलं. “पास झाला ना बे?”

माझा तोल गेला. मी लंडनपासून सुरुवात केली. स्कॉटलंड घेतलं, आयर्लंड घेतलं, समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला आलो. त्यांनीच शिकवलेले उच्चार, त्यांनीच शिकवलेला वेग. आणि मग जे त्यांनी माझ्या बापाबद्दल म्हटलं होतं, तेच, शब्दाला शब्द, मी त्यांच्या आईबद्दल म्हणालो. ती समोर बसली होती. ‘मदर’ हा शब्द तिला कळला. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघून हात जोडले.

मी थांबलो. पुढचं वाक्य तोंडात होतं, ते तिथंच राहिलं.

“सर्टन्ली, सर,” सर म्हणाले. “आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन.” आवाज गोड, अगदी इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला. त्यांच्या हातातलं फुलपात्र काठोकाठ भरलेलं होतं.

म्हातारीनं विचारलं, “काय म्हणायलंय रं पोरगं?”

“कौतुक करायलंय, आई,” सर म्हणाले. “माजं, तुजं बी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांनी माफी मागितलेलीही नाही. फक्त त्यानंतर त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

म्हातारी मला म्हणाली, “येत जा बाबा. असंच चार शबूद बोलून जात जा. त्याच्याशी आता कुनी बोलतच न्हाई.” मी हो म्हणालो. तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. फुलपात्र रिकामं होतं आणि मी एक घोटही प्यायलो नव्हतो. “किती तहानलं व्हतं लेकरू,” असं म्हणत तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा भरून आणायला ती आत गेली.