वाकोल्याचं चित्र अडकलं तेव्हा

वाल सोलून अर्धे झाले होते. सोललेल्या डाळिंब्या पातेल्यात, सालं ताटलीत आणि उरलेले वाल अजून कोमट पाण्यात. हे काम असं आहे की बोटं आपली आपण चालतात आणि जीव मोकळा राहतो. प्रेमाचा जीव मात्र मोकळा नव्हता. तो समोर, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या टॅबमध्ये होता. टॅबमध्ये वाकोल्याची खोली दिसत होती आणि खोलीत, लाकडी खुर्चीवर, बाबा.

बाबा म्हणजे गुणाजी परब. जन्म कणकवलीकडचा, हयात गिरणीत गेली, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली, आणि आता ऐंशी ओलांडून वाकोल्याच्या त्याच खोलीत एकटे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. प्रेमा एकुलती एक. ती भांडुपला, नवरा सहदेव आणि मुलगी श्रुतिका यांच्यासोबत.

श्रावणात बाबा मोरीत पडले होते. अर्धी सकाळ ओल्या फरशीवर पडून होते. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली शेजारच्या शकुने बघितली म्हणून कळलं. तेव्हापासून प्रेमाला घरात चैन नव्हतं. देवाला दिवा लावताना, भाकरी थापताना, पोळीला तूप लावताना तिला ती लटकलेली पिशवीच दिसायची.

"बाबा, आता भांडुपला चला," ती किती वेळा म्हणाली असेल.

"जावयाच्या घराक जावन रवाचा? माझो बापूस वरसून बघता हा," बाबा म्हणायचे. लेकीच्या घरी दोन दिवस पाहुणा म्हणून जावं, म्हातारपण काढायला जाऊ नये, ही त्यांची रीत. आणि ती मोडायची म्हणजे जन्मभराची ताठ मान मोडायची.

मग श्रुतिकाने मधला मार्ग काढला. अंधेरीला ऑफिसात कामाला जाणारी पोर, तिला या यंत्रांचं कळतं. तिने बाबांच्या खोलीत कॅमेरा बसवला. भांडुपला बसून दिसतं, आणि इकडून बोललं की तिकडे ऐकूही जातं. बाबांनी एकच अट घातली, मोरीकडे बघायचं नाही. प्रेमाने उलट अट घातली, आतून कडी लावायची नाही. जादा चावी शकुकडे. बाबा कॅमेऱ्याला "तुझो डोळो" म्हणायचे. सकाळी खुर्चीत बसले की डोळ्याकडे बघून हात वर करायचे. तो हात दिसला की प्रेमा चहाचं आधण ठेवायची.

पण गेला आठवडाभर, दसरा झाल्यापासून, घरचं इंटरनेट रखडायला लागलं होतं. चित्रावर मधोमध गोल फिरत राहायचं. डोंगराला टेकलेली बिल्डिंग, तिथे मोबाईलची रेंज कधी लाभलीच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला फोन टेकवला तरच काय त्या दोन दांड्या. फोन कसाबसा लागायचा, चित्र दिसायचं नाही. त्यामुळे बाबांचं दर्शन होतं ते त्या वायफायच्या डब्याच्या मेहेरबानीवर. प्रेमाने कंपनीला फोनांवर फोन केले आणि आज सकाळी एकदाचा त्यांचा माणूस आला. राजेश नाव.

"मॅडम, पीस जुना आहे. वाट लागलीय त्याची. नवीन राऊटर देतो, विषय संपला."

डबा स्वयंपाकघरातच होता, देवघराच्या शेजारच्या फळीवर, कारण भिंतीतून पिवळी वायर तिथेच बाहेर येत होती. राजेशने डबा ओढला आणि त्याच्या हाताला वायरची घट्ट जुडी लागली. लाल दोऱ्याने बांधलेली.

"हे काय? राखी बांधलीय?"

"खंडेनवमीला पूजा केली होती," प्रेमा म्हणाली.

खंडेनवमीला विळी, कात्री, शिलाई मशीन, मिक्सर या सगळ्यांना हळदकुंकू लागतं. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. यंदा प्रेमाने त्या डब्यालाही कुंकू लावलं होतं. ज्याच्यामुळे रोज बापाचं तोंड दिसतं त्याला नमस्कार नको? आणि पिवळी वायर देवांच्या तोंडासमोर लोंबत होती ती गुंडाळून, देवीच्या ओटीतल्या दोऱ्याने आवळून नीट बांधली होती.

राजेशने कात्री मागितली नाही. दाताने दोरा तोडला, दारातल्या चपलांवर भिरकावला आणि म्हणाला, "वायर मोकळी ठेवा हां."

ओटीतला दोरा, उष्ट्या दातांनी तोडला आणि वहाणांवर टाकला. प्रेमाला पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्याने नवा डबा लावला, हिरवे दिवे लागले, मोबाईलवर काहीतरी सरसर चढलं, तो "बघा, झकास" म्हणाला आणि गेला.

तिने दोरा उचलून तुळशीत ठेवला. हातपाय धुतले. नवीन वस्तू घरात आली की तिची पूजा झाल्याशिवाय ती आपली होत नाही. तिने नव्या डब्यावर स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं, आणि नवा दोरा घेऊन वायरची जुडी पुन्हा बांधली. या खेपेला तीन पदर घेतले. झाला अपमान भरून काढायचा होता. मग टॅब उघडला. बाबा दिसले. खुर्चीत, मान छातीवर टेकलेली.

"डुलकी लागली वाटतं. झोपू दे," असं म्हणून तिने वाल सोलायला घेतले होते. आज गोल फिरत नव्हतं. चित्र कसं स्वच्छ, स्थिर. नामजप करत ती सोलत राहिली. मध्ये वर बघायची, बाबा तसेच. बरं वाटायचं.

मुठीतला वाल निसटून पाण्यात पडला तो कशामुळे, हे तिला आधी कळलंच नाही. डोळ्यांनी बघितलं होतं, मनाला मागाहून समजलं. बाबांच्या डोक्यावरचा पंखा. त्याची तिन्ही पाती वेगवेगळी दिसत होती.

ऑक्टोबरचा हा उकाडा. बाबा पंखा बंद करून बसतील? वीज गेली म्हणावं तर कॅमेराच बंद पडला असता. ती टॅबच्या जवळ सरकली. भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्याने उचललेलं होतं, आणि तसंच हवेत थांबलेलं होतं.

चित्र अडकलं होतं. कधीपासून कोणास ठाऊक. ती ज्यांच्याकडे बघून निर्धास्त वाल सोलत होती ते बाबा मघाचे होते. आत्ताचे बाबा कुठे होते?

ओल्या हातानेच तिने फोन घेतला आणि ग्रिलला टेकवला. बाबांना लावला. वाजला, वाजला, बंद झाला. ते फोन फळीवर ठेवतात, हे तिला माहीत होतं. परत लावला. शकुला लावला. तीही उचलेना. शकु म्हणजे दिवसभर घरात असणारी बाई, फोन कनवटीला बांधल्यासारखा. ती का उचलत नाही? एकाएकी सगळे वाकोलेकर मुके झाले होते काय? प्रेमाच्या डोळ्यांपुढे दुधाची पिशवी आली.

तिसरा फोन श्रुतिकाला. तो लागला.

"आई, मी मीटिंगमध्ये..."

"बाबा हलत नाहीयेत गं!"

"काय?"

"म्हणजे चित्र हलत नाहीये. बाबांचं मला माहीत नाही. फोन उचलत नाहीत, शकु पण उचलत नाही."

"थांब. राऊटरकडे बघ. दिवे कुठल्या रंगाचे?"

"हिरवे. आणि एक लाल. लुकलुकतोय."

"कंपनीचा माणूस गेला तेव्हा होता लाल?"

"नाही. सगळे हिरवे होते."

"मग नंतर हात कोणी लावला?"

"कोण लावणार? मी एकटी घरात."

"तू काय केलंस, आई?"

"काही नाही गं. पूजा केली."



"पूजा म्हणजे नेमकं काय काय?"

"कुंकू, फूल... आणि वायर बांधली. लोंबत होती म्हणून."

"किती घट्ट?"

प्रेमाने जुडीकडे बघितलं. अगरबत्त्यांच्या पुड्याला मारतात तशी गाठ. "घट्टच," ती म्हणाली.

"अगं आई, ती वायर आतून काचेची असते! केसासारखी काच. मुरगळली की उजेड पुढे जातच नाही. गेला आठवडा तेच चाललं असणार. सोड ती. हळू सोड, तुटली तर आज दिसायचं नाही काही."

वालाच्या बुळबुळीत बोटांना गाठ सापडेना. नखं रोवली, निसटली. कात्री घेतली आणि पुन्हा ठेवली, कारण गाठ इतकी आवळली होती की दोऱ्याबरोबर वायरही गेली असती. शेवटी प्रेमाने डोकं फळीशी नेलं आणि दोरा दाताने तोडला. देवांच्या समोर. जुडी फुलासारखी उमलली. एका जागी वायर चिमटल्यासारखी झाली होती. तिने ती बोटाने सरळ केली, लहान मुलाचं बोट सरळ करावं तशी.

लाल दिवा लुकलुकतच राहिला.

"मोडली असेल का गं?"

"एक मिनिट थांब. बंद करून चालू कर. मी शकुमावशीला लावतेय, आणि निघतेय इथून. अंधेरीहून मी आधी पोचेन."

फोन ठेवला गेला. प्रेमाने बटण बंद केलं, चालू केलं आणि हात जोडले. गावच्या रवळनाथाला बाबा घालायचे तसं गाऱ्हाणं तिच्या तोंडून आपसूक निघालं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान चूक केली आसात ती पदरात घे. पण त्याची शिक्षा त्या म्हाताऱ्याक देऊ नको. त्याका सांभाळ, म्हाराजा." एरवी "होय म्हाराजा" म्हणायला चार माणसं असतात. आज कोणी नव्हतं. तीच म्हणाली.

एक दिवा हिरवा झाला. दुसरा. लाल दिवा विझला, आणि परत लागला नाही.

टॅबवर चित्र थरथरलं, चौकोन चौकोन झालं आणि जुळलं. पंखा गरगरत होता. कॅलेंडर फडफडत होतं.

खुर्ची रिकामी होती.

तिने आधी खाटेवर बघितलं, मग दारात. मग खाली. खाटेच्या आणि खुर्चीच्या मध्ये, फरशीवर, बाबांचे दोन पाय. एक सरळ, एक वाकडा. आणि खाटेच्या कडेवरून एक हात वर आलेला. तो हात कॅमेऱ्याकडे हलत होता. हळूहळू. दमलेल्या माणसाचा हात.

"बाबा!" ती टॅबमध्ये तोंड घालून ओरडली. "बाबा, मी प्रेमा!"

"गो बाय, बोंबलतंस कित्याक? मी बहिरो नाय." आवाज खोल गेला होता, पण आवाज होता.

"लागलंय का? कुठे लागलंय?"

"कंबरेत. उठाक जमना नाय. कवाचो हात करतंय तुका. म्हटला, बाय बघता हा, येतली."

 प्रेमा बघत होती, हे खरंच होतं. वाल सोलत, समाधानाने बघत होती.

"कडी लावलीत का आतून? खरं सांगा."

"नाय गो. आवशीची शपथ घातलंस ना? मगे कशी लावतलंय?"

तेवढ्यात ग्रिलवर फोन वाजला. शकु.

"अगं प्रेमा, किती मिस्ड कॉल! दळणाला गेले होते, गिरणीत काय ऐकू येतंय? श्रुतिका सांगत होती..."

"शकु, चावी घे आणि आत जा. बाबा पडलेत. धावत जा गं!"

टॅबमध्ये दार उघडलं. शकु आत आली, केसांवर पीठ, हातात चावी. ती खाली बसली आणि बाबा तिच्या पाठीआड गेले. प्रेमाला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून काय कळतं? 

"शुद्धीत आहेत," शकु वळून कॅमेऱ्याकडे ओरडली. "मलाच शिव्या घालतायत. पण पाय धरू देत नाहीत गं. हात लावला की डोळे फिरवतात."

"उठवू नकोस त्यांना! उशी दे डोक्याखाली. पाणी घोटघोट दे. श्रुतिका येतेय, ॲम्ब्युलन्स बोलवायला सांग तिला, म्हणावं गाडीत बसवायला जाऊ नका."

"सांगते. तू ये."

प्रेमाने गॅस बंद आहे ना ते बघितलं. बाबांची श्रावणातली डॉक्टरची फाईल कपाटातून काढून पिशवीत घातली. सहदेव ड्युटीवर होते, त्यांना खिडकीतूनच फोन केला. "मी परस्पर हॉस्पिटलात येतो, तू हो पुढे. घाबरू नकोस गो," ते म्हणाले. घाबरू नकोस म्हणणं सोपं असतं. भांडुपपासून वाकोल्यापर्यंतचा सगळा रस्ता तिला चित्राशिवाय काढायचा होता. हायवेला लागेपर्यंत फोनला धड रेंजही नाही. त्या वेळात काय होईल, कोण सांगणार?

टॅब बंद करायला तिने बोट पुढे केलं, तोच आतून आवाज आला.

"बाय, बघतंस ना?"

बोट तसंच राहिलं. टॅब तिने चालूच ठेवला, तांदळाच्या डब्याला टेकवून.

"बघतेय बाबा," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. आता रिक्षा धरून वाकोल्याला जायचं होतं आणि हॉस्पिटलात बाबांच्या कमरेचा एक्स-रे काढून घ्यायचा होता.