माऊंडवरचं मराठी

हे मी आईबाबांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला बसलो, तर आधी उठून दार बंद आहे ना ते बघितलं. कोण येणार आहे? कुणीच नाही. तरी बघितलं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. बाबा इथे एडिसन गावात किराणा दुकानात माल लावतात. मी कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये पिचर होतो, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकणारा. बरा होतो — मोठा कधीच नव्हतो. डिग्री झाल्यावर त्याच टीमने मला पिचर्सचा कोच म्हणून ठेवलं, एका वर्षासाठी. "म्हणजे सरच ना तू?" आई विचारायची. मी हो म्हणायचो. वर्ष संपत आलं, आणि पुढचं कुणी काही बोलेना.

निखिल आमचा सगळ्यात चांगला पिचर. जवळच्या पार्सिपनी गावचा, मराठी घरातला. मला दादा म्हणायचा. पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, त्या माऊंडवर मी गेलो की आम्ही मराठीत बोलायचो — समोरच्या टीमला कळू नये म्हणून. बॅटरच्या मागे बॉल झेलणारा आमचा कॅचर तिथे यायचा, त्यालाही कळायचं नाही. "दादा, याला शिवी घातली तरी थँक यू म्हणतो बघ," निखिल म्हणायचा.

सीझनची शेवटची मॅच. आम्ही एका रनने पुढे. निखिल प्रत्येक बॉलनंतर हात झटकत होता. मी माऊंडवर गेलो; कॅचर तेवढ्यात पाणी प्यायला बाकाकडे गेला होता.

"दादा, कोपरात काहीतरी तुटतंय यार. मला काढ. पण मी म्हणालो असं सांगू नकोस, प्लीज."

आणि मी काय म्हणालो?

"दोनच बॅटर राहिलेत. मी आहे ना."

परत आलो तर हेड कोचने विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं — टाकायचंय म्हणतोय. मराठी कळणारं तिसरं कुणी तिथे नव्हतं. हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

आम्ही जिंकलो. माझी नोकरी पक्की झाली. निखिलच्या कोपराचं ऑपरेशन झालं, आणि तो पुन्हा कधी पिच करू शकला नाही. त्याची आई मला म्हणाली, "हट्टीच आहे हो तो. तुम्ही तरी काय करणार?" निखिल शेजारीच उभा होता. त्याने अजूनही कुणाला काही सांगितलेलं नाही. का? विचारायची हिंमत नाही. फोनवर त्याचं नाव दिसलं की आधी दार लावून घेतो — आज सांगणार का सगळ्यांना?

हेड कोच दर सीझनला नव्या मुलांना ती गोष्ट सांगतात. एवढं दुखत होतं, तरी निखिल हटला नाही! मुलं माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो.

आणि एक राहिलं. मघापासून तेच टाळतोय. पिचरला थांबायचं असलं की तो बॉल कोचच्या हातात देतो आणि बाहेर चालू लागतो. निखिलने बॉल माझ्या हातात ठेवला होता. एक पाऊल टाकलंही होतं. आमच्या बाकावरून फक्त माझी पाठ दिसत होती. मी त्याचा हात धरला — तोच, दुखणारा — त्याला मागे ओढलं, आणि बॉल परत त्याच्या ग्लोव्हमध्ये दाबला.