मुकी राहू नोको

शांते, अल्लीपूरच्या स्टँडवर तू माझ्या ट्रंकेवर बसून रडत होतीस. मायने मात्र डोळ्याला पदरही लावला नाही. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. हिंगणघाटची एसटी लागली, तशी मायने जवसाच्या चटणीचा डबा खिडकीतून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तिथं मुकी राहू नोको व पोरी. बोलजो." मी नुसती मान हलवली. तेव्हाही बोलले नाहीच.

हे नागपूरला विद्यापीठात शिपाई होते. वर्षभराने मलाही तिथेच मराठी विभागात पाणी भरायचं काम मिळालं. विद्यापीठ म्हणजे मोठी शाळा असेल, अशी माझी चौथी शिकलेलीची समजूत. पहिल्या दिवशी पाहिलं तर इमारतीमागे इमारत. घरी परतताना फाटकच सापडेना, आणि रस्ता विचारायची छाती होईना.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी माठाजवळ रडताना दिसली. मायचं आठवून मी विचारलं, "काऊन रडून राह्यली व बाई?" ती रडायची थांबली आणि हसत सुटली. दुसऱ्या दिवसापासून मी काऊनबाई झाले. काऊनबाई, पाणी काऊन कोमट? काऊनबाई, आज काऊन उशीर? हे म्हणाले, पोरी आहेत, हसू दे. मी तोंडच मिटलं. कोणी काही विचारलं की मान हलवायची. नव्या मुलांना तर मी मुकीच वाटे. त्यातच माय गेली. तार मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, ते तुला ठाऊकच आहे.

पुढे काही महिन्यांनी विभागातल्या मॅडमनी मला खोलीत बोलावलं. वाटलं, कामावरून काढतात. टेबलावर टेपरेकॉर्डर होता. म्हणाल्या, तुमच्या गावाकडचं बोलणं हवंय, गाव सोडलं तो दिवस सांगा, घरी बोलता तसंच. मी भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. एवढे दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं, थांबता थांबेना.

पुढच्या आठवड्यात तास चालू असताना मी पाण्याचा जग घेऊन निघाले. दाराशी पोचले आणि आतून माय बोलली, "तिथं मुकी राहू नोको व पोरी. बोलजो."

शांते, मायला जाऊन वर्ष होत आलं होतं. मी चौकट घट्ट धरली. आत टेप फिरत होती. तो आवाज माझा आहे, हे कळायलाही वेळ लागला. मी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो इतका मायचा आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. सगळी पोरं माना खाली घालून लिहून घेत होती. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'काऊन' लिहिलेलं. मला नाव ठेवणारी तीच मुलगी उभी राहून माझं बोलणं वहीतून वाचत होती, "मी सकाळी विहिरीवर गेलतो."

माझ्या तोंडून दारातूनच निघून गेलं, "गेलती. बाईमानूस आहो मी."

तेव्हा मात्र वर्ग हसला, पण त्या मुलीला. तिने खोडून नीट लिहिलं आणि म्हणाली, "मावशी, पुढचंही बरोबर आहे का बघा ना." मी जग खाली ठेवला आणि आत गेले.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी अल्लीपूरला आले की तू म्हणतेस, ताई घरी आली. पण त्या घरात मायचा साधा फोटोही नाही. इथे दरवर्षी नव्या पोरांपुढे मॅडम ती टेप लावतात. कामं आटोपून मी दाराबाहेर उभी राहते. माय म्हणते, बोलजो. मी हळूच म्हणते, "बोलून राह्यली व माय."