पाण्याकडे पाठ

गेल्या फाल्गुनात फोटोच्या हव्यासापायी मी येलदरी धरणाच्या काठावर धावत सुटलो आणि उत्तरेकडे परतण्याआधी चरायला उतरलेल्या हंसांचा अख्खा थवा उठवून दिला. तो पुन्हा या काठाला आलाच नाही. वर्षभर ते मनाला लागून होतं.

यंदाही हंस दूर पाण्यातच होते. काठावर एक म्हातारा भोई पाण्याकडे पाठ करून जाळं सांधत बसला होता. मी दुर्बीण काढताच तो हसला.

"सर, गेल्या साली पळत आलते ते तुमीच ना?"

"हो. माझ्यामुळंच गेले ते."

"मग आता पाठ करून बसा. टक लावून बघितलं की त्यांना वाटतं, ह्याला आपल्याकडून कायतरी पायजे. आन् रिकामे बसू नका, हे टोक धरा."

मी जाळ्याचं टोक धरलं. तो प्रत्येक गाठ मारून बोटानं ओढून बघायचा आणि दोरा दातानं तोडायचा. तासाभरानं मागे पाणी हललं. मी वळणार, तोच त्यानं माझा गुडघा दाबला.

आणि ते आले! काठ चढून, गवत खुडत, आमच्या दोन्ही बाजूंनी, हात लांबवला तर लागतील इतके जवळून.

पोटभर चरून ते आपणहून उठले आणि आमच्या डोक्यावरून उत्तरेला निघाले.

"आता बघा खुशाल," तो म्हणाला.

मी उभा राहिलो, शेवटचा हंस दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो. फोटो एकही नाही. पण यंदा त्यांना उठवणारा मी नव्हतो.