हौदातल्या हाताचं घड्याळ

नाशिकहून पहाटे निघाले तेव्हा पर्समध्ये मुक्ताचं जुनं घड्याळ होतं, काचेआड वाफ धरलेलं. माझी ही लेक धुळ्याला विमान चालवायला शिकते आणि रविवारी धरणात कयाक वल्हवते. पाण्यानं घड्याळ बंद पडलं, आणि तिला उडायला शिकवणारे सर म्हणाले, "भरवशाचा सेकंद काटा मनगटावर येईपर्यंत एकटीनं उडायचं नाही." उड्डाण परवावर आलेलं. खरं सांगते, नवं घड्याळ मिळूच नये असंही मला वाटत होतं.

जळगावच्या ओळखीच्या दुकानात शेटजींनी वीस घड्याळं मांडली. सगळ्यांवर पाणी चालेल असं छापलेलं.

"छापायला काय जातं, ताई? रावेरला जा. केळी धुणाऱ्या बायांची मनगटं बघा."

दुकानदार गिऱ्हाइकाला दुसऱ्या गावी धाडतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं!

रावेरच्या शेडमध्ये इंदूअक्का तुरटीच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून फण्या धूत होत्या. मनगटावर घड्याळ: काळा रबरी पट्टा, ठळक आकडे. फण्या किती मिनिटं बुडवायच्या, ते त्या काट्यावरच ठरे.

"चार साल व्हई ग्यात, पानीमाच शे (चार वर्षं झाली, पाण्यातच आहे)," त्या म्हणाल्या. "कोनले पाहिजे?"

मी सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"एकली उडी (एकटी उडणार)? पोर उतरनी की माले सांगजो (मुलगी उतरली की मला सांग)." नंबर दिला. निघताना माझ्या ओढणीला केळीचा चीक लागला. तो डाग काही जात नाही म्हणे.

जळगावला परतले, तर तसंच स्वस्त घड्याळ शेटजींकडे निघालं. त्यांनी ते पाण्याच्या पेल्यात टाकलं आणि मला भरीत-भाकरी खायला पिटाळलं. भरीत असं झणझणीत की डोळ्यांतल्या पाण्याला आयतंच निमित्त मिळालं. परतले तर काटा मजेत फिरत होता. मोठा देवमाणूस!

ठरल्या दिवशी धुळ्याला मुक्तानं ते मनगटावर बांधलं, काटा बघून वेळ टिपली आणि ती गेली. विमान एवढंसं झालं. मी ओढणीचा डाग चोळत उभी राहिले. एक फेरी मारून चाकं टेकली तेव्हा मी चक्क रडले.

परतीच्या एसटीतून रावेरला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"अक्का, घड्याळ अगदी..."

"घड्याय ऱ्हाऊ दे. पोर उतरनी का?"

"उतरली."

"उतरनी व!" त्या शेडभर ओरडल्या आणि पलीकडे बायांचा एकच गलका उठला. मला आपलं वाटत होतं, मी एकटीच जीव मुठीत धरून बसलेय.