लाईट नसतानाचे स्टार

फ्रिजवर स्टारचे स्टिकर नुकतेच दिसायला लागले होते, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आईला इन्सुलिन सुरू झालं आणि कवठे येमाईचं घर बंद करून आम्ही तिला शिरूरला आणलं. औषध थंड राहिलं पाहिजे, पण गोठता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि गावच्या घरी फ्रिज नव्हता. आई रोज विचारायची, "मला कवा सोडतोस?" फ्रिज घेतला की सोडतो, असं मी कबूल केलं.

दुकानात बरेचजण स्टार मोजत होते. मी त्याखालचा आकडा वाचला, वर्षाला किती युनिट लागतात तो. मोठ्या पाच स्टारवाल्याचा आकडा शेजारच्या छोट्या तीन स्टारवाल्यापेक्षा जास्त निघाला. म्हणजे स्टारची तुलना एकाच मापाच्या फ्रिजांमध्ये करायची. हे मी बायकोला समजावत होतो, तेवढ्यात आईनं दुकानदाराला विचारलं, "भाऊ, ह्या चांदण्या कशापायी?"

"चांदण्या जास्त, तितकी लाईट कमी खातो, आजी."

"आन् लाईट गेल्यावर?"

"तेव्हा काय खाणार? काहीच नाही."

"म्हंजी तवा समदेच पाच चांदण्यांचे!"

दुकानदार हसला, बायकोही हसली. मी मात्र स्टिकर पुन्हा वाचायला लागलो. तो वर्षाचा आकडा दिवसभर वीज असते असं धरून काढलेला. गावात लोडशेडिंगमुळे सकाळी गेलेली लाईट दुपार उलटल्यावर यायची. तेवढा वेळ गारवा टिकतो का, हे कुठल्याच स्टिकरवर नव्हतं. दुकानदारालाही ते सांगता येईना.

छोटाच फ्रिज घेतला, पण गावी नेण्याआधी घरीच तपासायचं ठरवलं. इन्सुलिन आमच्या जुन्या फ्रिजमध्येच राहू दिलं. नव्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर सोडला आणि सकाळी गावच्या वेळेला बटण बंद केलं. औषधासाठी आठ अंशांची मर्यादा होती. दुपारी बघितलं, तर पारा बराच वर गेलेला.

"म्हंजी मी न्हाई जायाचं," आई म्हणाली आणि आत जाऊन पडली. संध्याकाळी नीट जेवलीही नाही.

मला नंतर सुचलं, की रिकाम्या फ्रिजमध्ये गारवा धरून ठेवायला होतं काय? नुसती हवा. मग पाण्याच्या बाटल्यांनी सगळे कप्पे भरले, त्या रात्रभर गार होऊ दिल्या आणि सकाळी पुन्हा बटण बंद केलं. आई पाट टाकून फ्रिजसमोरच बसली.

ऊन तापल्यावर बायको आली. "आई, एक बाटली घेऊ का?"

"घे की. आन् मला जल्मभर हितंच ठिव."

बायकोनं माठातलं पाणी घेतलं. दुपारी दार उघडलं तेव्हा पारा आठाच्या आत होता. एका दिवसावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी आणखी दोनदा मोजलं. "आता काय वरीसभर मोजतोस?" आईनं विचारलं. दुसऱ्याच दिवशी टेम्पो सांगितला.

ती गेल्यावर आठवड्याभरात मी फोन केला. म्हणाली, "गल्लीतल्या बाया गार पानी मागाया येत्यात. म्हनलं, लाईट आल्यावर या. तवर दार उघडायचं न्हाई."

"आणि पारा किती आहे?"

"तूबी लाईट आल्यावरच इचार. पारा बघायचा तर दार उघडावं लागतंय."